एकात्म संगणकप्रणालीची वाटचाल

व्यापारी पेढ्यांचा कारभार संगणकावर येऊ लागला, तेव्हा कार्यप्रणाली एकाकडून, डेटाबेस दुसऱ्याकडून आणि सुरक्षिततेचा बंदोबस्त तिसऱ्याकडून घ्यावा आणि या सर्वांत सलोखा राखण्यासाठी जाणकारांचा ताफा पदरी बाळगावा, हीच सर्वसाधारण रीत होती. ती मोडण्याचे धाडस मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टरच्या आयबीएम प्रयोगशाळेने केले. 1978 साली जाहीर झालेल्या सिस्टिम/38 मध्ये डेटाबेस प्रणालीच्याच अंगात मुरवलेला होता. शिवाय स्मृती आणि डिस्क हा भेद प्रोग्राम लिहिणाऱ्याला जाणवूच नये, म्हणून सर्व साठ्याला एकच पत्तारचना दिलेली होती. योगायोग असा, की त्याच वर्षी विदेशी चलन कायद्याच्या अटी अमान्य करून आयबीएमने भारतातील गाशा गुंडाळला.

21 जून 1988 रोजी सिस्टिम/38 ची वारसदार एएस/400 ही प्रणाली अवतरली. आयबीएम मात्र 1992 साली टाटांशी भागीदारी करून भारतात परतली. एएस/400 प्रणालीत फाइल, प्रोग्राम, वापरणाऱ्याचे खाते अशी प्रत्येक गोष्ट आपल्या प्रकाराच्या मोहरेसह 'ऑब्जेक्ट' म्हणून नोंदलेली असते, आणि माहितीची फाइल कोणी प्रोग्राम म्हणून चालवू पाहिली, तर प्रणाली ते साफ नाकारते.

तिची खरी थोरवी 1995 साली प्रत्ययास आली. प्रणालीचे रचनाकार फ्रँक सॉल्टिस यांच्या आखणीनुसार प्रोग्राम आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामध्ये एक स्वतंत्र थर असल्यामुळे, प्रोसेसर 48 बिटांवरून 64 बिटांच्या पॉवरपीसीवर गेला, तरी असंख्य जुने प्रोग्राम पुन्हा न लिहिता यंत्रानेच नव्या भाषेत उतरवून घेतले. पुढे 2000 मध्ये आयसिरीज, 2004 मध्ये आय5/ओएस, 2008 मध्ये आयबीएम आय अशी नावे बदलत गेली. 2025 मध्ये 7.6 ही आवृत्ती आली. मूळ तत्त्व मात्र ढळले नाही.

या इतिहासात पुण्याचा वाटा जतनाचा आहे. 1981 साली इन्फोसिसची स्थापना याच शहरात झाली, 1990 साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना येथे आली, आणि सन 2000 च्या तारखांची दुरुस्ती व त्यानंतरची देखभाल यांतून या प्रणालीवर चालणारी आरपीजी ही 1959 मध्ये जन्मलेली भाषा येथील अनेक अभियंत्यांच्या हाती रुळली. आज हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांत बसून ते परदेशी बँकांचे आणि कारखान्यांचे दशकानुदशकांचे व्यवहार सांभाळतात. पेशवे दफ्तरातील रुमाल उलगडायला मोडी जाणणारा लागतो, तसाच या प्रोग्रामांना त्यांची भाषा जाणणारा लागतो. तो नसेल, तर सुस्थितीतला दस्तऐवजही मुका होतो.

म्हणून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आग्रहाची विनंती आहे, की नवनिर्मितीच्या शिक्षणासोबत चालत्या प्रणालीचे वाचन, दुरुस्ती आणि संवर्धन यांनाही अभ्यासक्रमात मानाचे स्थान द्यावे.