दादरा बांधलेली बरणी

मैत्रिणींनो, "संगणकाचं आम्हाला काय? ते ऑफिसातली माणसं बघतील," असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्यापैकी कुणी शाळेत शिकवते, कुणी महिला पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे, कुणी यजमानांच्या दवाखान्यात हिशेब बघते. मुलांचे निकाल, सभासदांच्या ठेवी, रुग्णांचे कागद, सारं आता संगणकात असतं. आणि तिथला चोर काही खिडकीतून येत नाही.

या चोरीला 'रॅन्समवेअर' म्हणतात. घातकी प्रोग्रॅम आत शिरतो, आपल्याच कपाटाला त्याचं कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयाचे सर्व्हर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अशाच हल्ल्यानं बंद पडले. कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हातानं लिहाव्या लागल्या. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची ही गत, तर आपल्या पतसंस्थेची काय कथा?

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या प्रोग्रॅमनं डेन्मार्कच्या 'मर्स्क' या जहाज कंपनीला गाठलं. आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या तिच्या धक्क्याचंही काम खोळंबलं. खंडणी हे नुसतं सोंग होतं. पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हतं. कुणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या मुख्य माहितीच्या प्रती कंपनीनं देशोदेशी ठेवल्या होत्या. पण त्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणून एकदमच गेल्या! वाचली ती आफ्रिकेतल्या घाना देशातली एकच, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. एरवी वीज गेली की आपण नावं ठेवतो. तिथे तिनंच लाज राखली.

पण आपली संस्था काही वीज जाण्याच्या भरवशावर सोडता येत नाही. लोणचं घातल्यावर आपण काय करतो? रोजच्याला छोटी बरणी खाली, आणि मोठी दादरा बांधून वर. खालच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला, तरी वर्षाचं लोणचं शाबूत. माहितीचंही तसंच करायचं. एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवायची. संगणकाला कायम जोडलेली डिस्क ही वरची बरणी नव्हे, बरं का! अधूनमधून त्या प्रतीतून एखादी फाईल उघडूनही पाहावी.

बाकीच्या गोष्टी अशा:

• संगणक 'अपडेट' मागतो तेव्हा टाळू नका. मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' ज्या फटीतून शिरला, ती बुजवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती.
• 'बिल जोडले आहे' अशी अनपेक्षित ईमेल आली, तर उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा.
• साऱ्या ऑफिसला एकच पासवर्ड नको. ज्याचा त्याला वेगळा.
• घात झालाच, तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. खंडणी देऊ नका. दिली तरी किल्ली मिळेलच असं नाही. पोलिसांना कळवा, आणि 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेला सहा तासांच्या आत.

पुढच्या सभेत चहा येण्याआधी एवढंच विचारा: "आपली वरची बरणी कुठे आहे? आणि ती शेवटची कधी भरली?" उत्तर देताना सारे एकमेकांकडे बघू लागले, तर त्याच दिवशी एक डिस्क आणवा. सभासदांनी पै पै करून साठवलेल्या ठेवींचा हिशेब आहे तो.