शिडाच्या होडीची दुसरी इयत्ता

(द्वितीय वर्ष कला)

किनाऱ्यावरच्या गावांतून आलेल्या आपल्यापैकी अनेकांना वल्हे मारता येते. एन.सी.सी.च्या नौदल विभागातील मित्रमैत्रिणींनी शिडाच्या होडीचे सुकाणूही हाती धरलेले असते. ही झाली पहिली इयत्ता. परंतु वारा फिरला, वाढला किंवा पडला, तर काय करावयाचे? येथून दुसरी इयत्ता सुरू होते. तिचा अभ्यास आधी शब्दांचा आहे, कारण भर समुद्रात समजावून सांगण्यास वेळ नसतो. एका शब्दाची आरोळी आणि तिच्यासरशी चाललेले हात, यांवर जीव अवलंबून असतो.

होडीचे पुढचे टोक म्हणजे नाळ. शीड उभारतात ती डोलकाठी. कोकणी गलबतात डोलकाठीवर एक लांब काठी तिरकी टांगून तिला शीड बांधतात, ते परबाण. शिडाचे मोकळे टोक आत ओढणारी किंवा सैल सोडणारी दोरी म्हणजे दामण. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पण ‘दामण’ हा शब्द मला आजोबांनी कधीच शिकवला होता. शिबिरात त्याच दोरीला ‘शीट’ म्हणतात. शीट म्हणजे शीड नव्हे, हे नवशिक्याने प्रथम पक्के करावे.

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. शर्यतीच्या चांगल्या होड्याही वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवूनच पुढे सरकतात. मग वाऱ्याच्या दिशेला असलेले बंदर गाठावयाचे कसे? थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे, असे नागमोडी जावयाचे. शीड वाऱ्याला वळवते आणि त्यामुळे होडीला तिरका रेटा मिळतो. होडीचा तळ व पाण्यात सोडलेली मधली फळी तिला आडवे सरकू देत नाहीत. उरलेला रेटा तिला पुढे नेतो.

यातले खरे कसब दामणीत आहे. शिडाची कड फडफडू लागेपर्यंत दामण सैल सोडावी, मग फडफड थांबेल इतकीच ओढावी. अधिक आवळली तर होडी कलते, पण वेग वाढत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वारा नसतानाही सायकल चालवली की तोंडावर वारा लागतो. होडीच्या वेगानेही तसेच होते. शिडाला लागतो तो खरा वारा आणि होडीचा वेग यांचा मेळ. म्हणून वाऱ्याबरोबर जाताना वारा मंद भासतो आणि उलट वळताच तो किती वाढला होता ते कळते.

वळण्याचे प्रकार दोन. नाळ वाऱ्यातून फिरवणे हा पहिला, त्याला टॅकिंग म्हणतात. त्यासाठी आधी वेग हवा, नाहीतर होडी मध्येच अडकते. दुसऱ्यात होडीची पाठ वाऱ्यातून फिरते; हे जायबिंग. यात शीड एकदम दुसऱ्या बाजूस जाते आणि त्याच्या खालची आडवी काठी, म्हणजे बूम, डोक्यावर आदळू शकते. म्हणून आधी इशारा, मग दामण आवरणे आणि नंतरच सुकाणू.

वारा वाढू लागला तर शीड वेळेवर आखडावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. आखडावे की नाही, असा विचार मनात आला म्हणजे वेळ झालीच असे समजावे. त्यात कमीपणा कसला?

भरती-ओहोटीचे गणित तर आपल्या पाढ्यांतच आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईजवळच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी आणि समोरचा वारा भिडले की लाटा उंच व उभ्या होतात. तेथे थांबणेच शहाणपणाचे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारी समुद्राकडून वारा येतो. जुने तांडेल एकावर बाहेर पडत व दुसऱ्यावर घरी येत.

समोरासमोर येणाऱ्या होड्यांचा नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. शिडाच्या दोन होड्यांपैकी जिच्या डाव्या बाजूने वारा येतो तिने वाट द्यावी. दोघींना एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेलीने द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने नेहमीच वाट द्यावी.

माणूस पाण्यात पडला तर ओरडून सांगावे आणि तरंगणारी वस्तू फेकावी. एकाने बोट दाखवीत त्याच्यावरची नजर मुळीच हलवू नये, कारण लाटांत डोके क्षणात दिसेनासे होते. परत येताना शेवटी नाळ वाऱ्याकडे करून दामण सोडावी, म्हणजे होडी त्याच्याजवळ मंदावते. अंगात लाइफ जॅकेट असेल तर या साऱ्याला वेळ मिळतो.

यंत्रे आली आणि शिडे उतरली; यात मासेमारांचे कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. पण यंत्र बंद पडते तेव्हा वारा आणि पाणी ओळखणाराच माणसे घरी आणतो. शिवाय ही विद्या काही मेलेली नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून तोच पराक्रम केला.

मित्रहो, शिबिरातले शब्द वहीत उतरतात, परीक्षेत विचारले जातात. नाळ, परबाण, दामण, मतलई हे शब्द मात्र म्हाताऱ्या तांडेलांच्या तोंडीच आहेत. सुट्टीत गावी गेलात तर त्यांच्याजवळ बसा, वही उघडा आणि विचारा. ते सांगतील, आजवर त्यांना कोणी विचारलेच नाही.