मुगाची मुळं रानातच

एरंडोलला अंजनीकाठी आमचं वीस गुंठ्यांचं वांग्याचं रान आहे. माती काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. जूनमध्ये मूग पेरायचा, तो निघाला की ऑगस्टअखेर भरताची वांगी लावायची.

शेंगा तोडून झाल्या की सासरे मूग मुळासकट उपटायचे. पाला गुरांना, रान मोकळं. मीही पाच-सात वर्षं तेच केलं. एकदा ओल्या रानात रोप उपटलं तर मुळांना मण्यांसारख्या गाठी. सासरे म्हणाले, "सूनबाई, रोग दिसतोय." त्यांचंही चूक नव्हतं, वांग्याच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी येतात, त्या त्यांनी पाहिलेल्या. पण त्या मुळातच फुगलेल्या असतात, सुटत नाहीत. मुगाची गाठ नखानं अलगद निघाली, फोडली तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे आतले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत. हवेत 78 टक्के नत्र, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. जिवाणू ते घेण्याजोगं करून देतात, बदल्यात मुगाकडून साखर घेतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी 1886 मध्ये हे गाठींचं काम उघड केलं. आता पेरणीआधी मी बियाण्याला जिवाणूखत चोळते आणि सावलीतच सुकवते. उन्हात जिवाणू मरतात.

मूग पेरला की जमीन आपोआप सुधारते, हे मात्र अर्धंच खरं. बरंचसं नत्र दाण्यातून आपल्याच डाळीत येतं. म्हणून दोन तोडण्या झाल्या की झाडं हिरवी असतानाच, वाफसा बघून, रोटर मारून गाडते आणि पंधरा दिवस थांबते. चारा गेला म्हणून घरात कुरकुर झाली. बांधावर शेवरी लावली, तेव्हा कुठे थांबली.

एका वर्षी हुशारी केली: कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुगा कच्चाच मातीत मिसळला. वांगी पिवळी पडली. काडी कुजवणाऱ्या जिवाणूंनीच नत्र आधी खाल्लं. आता तो भुगा शेणाबरोबर खड्ड्यात चार-पाच महिने मुरतो.

टनभर शेणखतात नत्र जेमतेम 5 किलो, युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20च्या वर. हिशेबात शेणखत हरतं. पण माती भुसभुशीत करणं युरियाला जमत नाही. नुसत्या जिवामृतावर सगळं भागतं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

थोड्या पऱ्हाट्या मात्र वेगळ्या राखते. हिवाळ्यात वांगी त्यांच्याच जाळावर भाजायची. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद दळलेली. उडीद बांधालगतच्या चार ओळींतला.