आभाळाचे मोजमाप

संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते, वासरावरून भाकणूक होते आणि यंदा पाऊसपाणी कसे, हे ऐकायला सारे सोलापूर उत्सुक असते. ज्या मुलुखातली रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, तिथे हा प्रश्न कोणाला सुटला आहे? पण याच प्रश्नाला आयुष्य वाहून घेण्याचा एक व्यवसाय आहे, हे आपल्या मुलामुलींना फारसे कोणी सांगत नाही.

हवामानशास्त्रज्ञ हा भविष्यवेत्ता नव्हे. तो आधी मोजणारा. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहायचा आणि मागल्या चोवीस तासांचा पाऊस लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचे. ते शून्यही मोलाचे, बरं का! अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या, तरच हवामान खरोखर बदलते आहे की काय, ते कळते.

आपल्या गावचेच उदाहरण घ्या. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूरच्या आभाळात प्रयोग केला. विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. हे कण ओलावा ओढतात. थेंब मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि खाली येतात. मात्र काही ढग मुद्दाम तसेच ठेवले होते. ते का? कण सोडलेला ढग एरवीही बरसला नसता कशावरून? तुलनेवाचून ते ठरत नाही. २७६ ढगांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला: वारा वाहतो त्या बाजूच्या शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के जादा पाऊस. आणि एवढ्याने दुष्काळ हटत नाही, हेही त्याच शास्त्रज्ञांनी सांगितले. ढगच नसेल तर कण सोडायचे कशात?

या व्यवसायाची वाट कोणती? भौतिकशास्त्र आणि गणित पक्के हवे. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना हवामान खात्यात वैज्ञानिक सहाय्यकाच्या जागा असतात. त्यांची भरती निघाली की परीक्षा द्यावी. पुढे शिकायचे तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचे एम.एस्सी. आहे. रडार आणि उपकरणांसाठी अभियंते लागतात, अंदाजाच्या आकडेमोडीसाठी संगणकतज्ज्ञ, आणि शेतकऱ्याला सल्ला देण्यासाठी कृषी पदवीधर. मुलींनीही कचरू नये. अन्ना मणी १९४८ साली पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच तयार करण्याचे काम त्यांनी उभे केले.

या नोकरीत डामडौल नाही. रात्रपाळी आहे, आणि अंदाज चुकला की थट्टाही आहे. पण पेरणी आज करावी की चार दिवस थांबावे, या विवंचनेत असलेल्या शेतकऱ्याला खरा आकडा हाती देणे, हे काही थोडे काम नव्हे. जिथे पावसाची वाट सर्वांत अधिक पाहिली जाते, तिथल्या मुलांनी हे काम शिकू नये, तर कोणी शिकावे?