पेनड्राइव्ह विकत घेतला? आधी पूर्ण भरून बघा

भाचीच्या लग्नाचे फोटो मी नव्याकोऱ्या ‘५१२ जीबी’च्या पेनड्राइव्हवर टाकले. पहिले काही उघडले, पुढचे सगळे अर्धे करडे. आत चिप होती फक्त ३२ जीबीची! अशा ड्राइव्हचा कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावर चढतो किंवा गायबच होतो. नुसतं फॉरमॅट करून म्हणूनच काही होत नाही.

विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ वापरा. इन्स्टॉल करावं लागत नाही, फुकट आहे. १-१ जीबीच्या फायलींनी ते ड्राइव्ह काठोकाठ भरतं, मग प्रत्येक फाइल परत वाचून ताडून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. लिनक्सवर ‘एफथ्री’ घ्या. त्यातलं ‘एफथ्रीप्रोब’ खरी क्षमता शोधतं, ‘एफथ्रीफिक्स’ तेवढ्याच जागेचं पार्टिशन करतं. माझा ड्राइव्ह आता ३२ जीबीचा म्हणून नीट चालतोय. आतला डेटा मात्र आधी काढून घ्या.

तपासणीत चुका जागोजागी विखुरलेल्या दिसल्या, तर चिपच मरायला टेकलीय. तिच्या दुरुस्तीच्या नादी लागू नका.

आणि हो, ६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ५९ दिसला तर घाबरू नका. तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक.