उधार मेहेर

कोंढव्यात राहणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी परवा घरी आली. निकाह ठरलाय, मुलगा तिच्याच पसंतीचा, कॉलेजातला. दोन्ही घरांनी थोडी कुरकुर करून होकार दिलाय. चेहरा मात्र उतरलेला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "टीचर, मेहेर 11,000 बांधायचा म्हणतात, तोही उधार. मी रोख मागितला तर त्याला वाटेल, हिचं प्रेम नाही, पैशावर नजर आहे."

त्याच बैठकीत मुलाच्या मामूंनी मोटारसायकलचा विषय काढला होता. मागणी नव्हे हं, 'खुशी से'! तेव्हा मात्र पैशाने प्रेम बाटतं असं कुणाला वाटलं नाही.

प्रेम आणि पैसा यांचं वैर आपण उगाच मानतो. हजरत खदीजा (रजि.) मक्केतल्या नामांकित व्यापारी. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन शामला गेले. त्यांची सचोटी पाहून निकाहचा पैगाम खदीजांनीच पाठवला. दौलत सगळी त्यांच्या बाजूला, तरी मेहेर प्रेषितांनी दिलाच. दुसरीकडे, हातात काहीच नसलेल्या एका सहाबींना प्रेषितांनी निदान लोखंडाची अंगठी शोधून आणायला सांगितलं. तीही मिळाली नाही, तेव्हा त्यांना पाठ असलेल्या सूरहांवर निकाह लावून दिला. म्हणजे रकमेचा आकडा मोठा हवा असं नाही. जे असेल ते राजीखुशीने द्यावं, हेच सूरह निसाच्या 4 थ्या आयतीतही आहे.

मेहेर मुअज्जल म्हणजे लगेच द्यायचा, मुवज्जल म्हणजे पुढे द्यायचा. दोन्ही जायज. पण आपल्याकडे 'पुढे' म्हणजे कधी? मय्यत घरात असते आणि म्हाताऱ्या बायका बेवेच्या कानाशी लागतात, "मेहेर माफ कर गं." रडणारी बाई नाही कशी म्हणेल? वास्तविक ते नवऱ्यावरचं कर्ज. वारसांच्या वाटण्या होण्याआधी फेडायचं.

कायदाही हा फरक जाणतो. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याने मेहेर हुंड्यात धरलेला नाही. हुंडा मागणं मात्र गुन्हा आहे. तलाक झाल्यास न दिलेला मेहेर 1986 च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटकडे मागता येतो.

आम्ही तिला एवढंच म्हटलं, बडे लोकांना बाजूला ठेव, मुलाशी एकदा स्वतः बोल. बोलताना तिचा आवाज कापत होता म्हणे. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मुवज्जलचा अर्थ मला कुणी सांगितलाच नव्हता." नोकरी लागून त्याला वर्षच झालंय, बचत बेताची.

आता ठरलंय ते असं: मेहेर 40,000. पैकी 25,000 निकाहच्या दिवशी तिच्या हातात, उरलेले सहा महिन्यांत, आणि ती तारीख निकाहनाम्यात लिहायची. मोटारसायकल त्याने स्वतःच नाकारली. मामू अजून रुसलेले आहेत, वलीम्याला येतील की नाही कोण जाणे.