मुंबई-लंडन: जाताना दहा तास, येताना नऊ

“रात्री दोनला बसली, सकाळी सातला उतरली, म्हणजे पाचच तास की!” लेक पहिल्यांदा लंडनला गेली की घरात हा हिशेब हमखास होतो. दोन शहरांची घड्याळं एकमेकांतून वजा केली की असंच होणार. हिवाळ्यात आपण लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. थंडीतला तो प्रवास साडेदहा तासांचा झाला.

दुसरी फसगत भिंतीवरच्या नकाशाची. त्यावर पट्टी ठेवली, तर रेघ सीरियाच्या आसपासून जाते. तीच दोन शहरं पृथ्वीगोलावर दोऱ्याने ताणून जोडा: दोरा कच्छ, सिंध, इराणवरून थेट कॉकेशसकडे चढतो आणि त्याचा मध्य जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेजवळ पडतो. हेच सर्वांत जवळचं अंतर, सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान तेही तंतोतंत पाळत नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा दिल्लीहून युरोपला निघालेली विमानं आधी दक्षिणेला येऊन अरबी समुद्रावरून गेली. शहरं जागच्या जागी होती, वाट लांबली.

आता सगळ्यांत लाडका गैरसमज: पृथ्वी फिरते, म्हणून जायला आणि यायला वेगळा वेळ लागतो. जरा उलटून पाहा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान नुसतं वर लटकून राहिलं आणि खालची जमीन सरकत गेली असती, तर लंडनच आपल्याकडे आलं असतं आणि जातानाचा प्रवास झटपट झाला असता. घडतं नेमकं उलट. कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. फरक पाडतात ते उंचावरचे वारे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात. हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा १०० चा धरला, तर जमिनीवरून मोजलेला वेग जाताना ८००, येताना १,०००. साधी होडी आणि नदी!

तरीही ७,२०० ला ९०० ने भागून ‘आठ तास’ काढणारे भेटतातच. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि रांग लागते. हीथ्रोला उतरण्याआधी विमानं ठरलेल्या चार ठिकाणी घिरट्या घालत नंबराची वाट पाहतात. हे वाट पाहणं कंपन्या वेळापत्रकात आधीच धरतात. त्यामुळे कधी रांगच लागली नाही, तर विमान अर्धा तास लवकर उतरतं आणि प्रवासी वैमानिकाला शाबासकी देतात.